झोपेतून उठल्यावर टच मुका: सस्पेंड-रिझ्यूमचा चुकलेला क्रम कसा पकडायचा

टचस्क्रीन असलेला आमचा लिनक्स बोर्ड झोपतो (सस्पेंड), उठतो (रिझ्यूम), पडदा उजळतो, नेटवर्क परत जोडलं जातं. फक्त टच मेलेला. लॉगमध्ये एकच तक्रार: "डिव्हाइस १-००३८ फेल्ड टु रिझ्यूम: एरर -१२१". १-००३८ म्हणजे टच चिप. परत झोपवून उठवा, तेच. रीबूट केला की मात्र सगळं सुरळीत, आणि मग दिवसभर कितीही वेळा झोपवा, टच एकदाही दगा देत नाही. दुसऱ्या दिवशी बोर्ड चालू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ही तक्रार आमच्याकडे तीनदा "सुटली". पहिल्यांदा टच ड्रायव्हरच्या (चिप चालवणाऱ्या कोडच्या) रिझ्यूममध्ये ५० मिलिसेकंदांचा एमस्लीप, म्हणजे थांबा, घातला गेला. दुसऱ्यांदा तो २०० वर नेला. तिसऱ्यांदा ड्रायव्हर मॉड्यूल (मागाहून लोड होणारा तुकडा) न ठेवता कर्नलमध्येच बिल्ट-इन केला, आणि खरोखरच थांबलं. सगळे खूश, तिकीट बंद. पुढे कर्नल बदलला तेव्हा तोच दोष परत आला, आणि या खेपेला रीबूटनेही हटेना. आधी बिघडलेल्या बूटमध्ये तो दर झोपेला ठरलेला असायचा. आता मन मानेल तेव्हा येऊ लागला.

कर्नल म्हणजे इथे लिनक्स. आधीचा ५.४ मालिकेतला होता, नंतरचा बराच अलीकडचा. बोर्ड डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलवर, चालणारा. टच चिप आय-टू-सी बस १ वर (बस म्हणजे चिपांशी बोलायची सामाईक तार), आणि तिची रिसेट लाइन बस ३ वरच्या जीपीआयओ एक्सपांडरच्या (जादा पिना पुरवणाऱ्या चिपच्या) एका पिनेतून आलेली. या शेवटच्या वाक्यातच सगळं उत्तर आहे. आम्हाला ते दिसायला फार वेळ लागला.

बूटगणिक की झोपेगणिक?

कोड उघडण्याआधी हा एक प्रश्न सोडवा. दोष एकदा बूट झाल्यावर पक्का राहतो, की त्याच बूटमध्ये कधी येतो, कधी येत नाही? "अधूनमधून होतं" असं तिकिटात लिहिलेलं असतं तेव्हा या दोन अगदी वेगळ्या आजारांना एकच नाव दिलेलं असतं.

तपासायची रीत साधी. आरटीसीवेक वापरून दहा सेकंदांनी उठवणारी स्क्रिप्ट लिहा, एका बूटमध्ये ती वीस वेळा चालवा, दर वेळी टच बोलतोय का ते नोंदवा. मग रीबूट, पुन्हा वीस. असे दहा बूट. एकाच बूटमध्ये दोनशे झोपा मोजून काही कळत नाही, रीबूट हवेतच. आमच्या जुन्या कर्नलवर चित्र लख्ख होतं: काही बूटमध्ये वीसच्या वीस नापास, उरलेल्यांत एकही नाही. मधलं काहीच नाही.

असं चित्र असेल तर हार्डवेअरच्या वेळेचा, व्होल्टेज सावकाश चढण्याचा, सैल कनेक्टरचा संशय बाजूला ठेवा. झोपेच्या वेळी काही बिघडत नाहीये. बूटच्या वेळी एक क्रम ठरतोय आणि पुढच्या प्रत्येक झोपेत तोच वापरला जातोय. एमस्लीपचं रहस्यही इथेच उलगडतं. त्याने कधीच काही केलं नव्हतं. ज्या दिवशी तो घालून तपासणी झाली त्या दिवशीचा बूट चांगला निघाला होता, इतकंच.

उलट एकाच बूटमध्ये दोष ये-जा करत असेल तर /सिस/पॉवर/पीएम_अ‍ॅसिंक या, डिव्हाइसं समांतर उठवणं चालू-बंद करणाऱ्या, फाइलमध्ये ० लिहा आणि फेऱ्या पुन्हा मोजा. दोष नाहीसा झाला, तर डिव्हाइसं एकाच वेळी उठवण्यातली शर्यत आहे. तसाच ये-जा करत राहिला, तर मात्र खरोखर हार्डवेअरकडे बघा. तिसरी शक्यता लोक विसरतात: ० लिहिल्यावर दोष दर वेळी यायला लागतो. घाबरू नका, तीही शर्यतच आहे. एरवी नशिबाने कधी कधी बरोबर लागणारा क्रम आता यादीबरहुकूम, म्हणजे नेहमीच चुकीचा लागतोय.

यादी कशी बनते

कर्नलच्या पॉवर मॅनेजमेंटकडे सगळ्या डिव्हाइसांची एक सरळ यादी असते, डीपीएम यादी. डिव्हाइस नोंदलं गेलं की ते यादीच्या शेपटीला जोडलं जातं. झोपवताना यादी शेपटीकडून डोक्याकडे चालते, उठवताना डोक्याकडून शेपटीकडे. यामागचा समज असा की जो आधी आला तो पायाखालचा, नंतर आलेला त्याच्यावर उभा. पालक मुलाआधी नोंदलेला असतो, म्हणून पालक-मूल या नात्यापुरता हा समज खरा ठरतो.

पण आमच्या टचचा पालक आहे बस १. एक्सपांडर त्याचा कुणीच लागत नाही. रिसेटची तार फक्त बोर्डच्या नकाशावर आहे, डिव्हाइसांच्या वंशावळीत नाही. बस १ चा अ‍ॅडॉप्टर आधी नोंदला जातो आणि तेव्हाच त्याच्यावरची टच चिपही यादीत येते. बस ३ आणि तिचा एक्सपांडर मागून येतात. म्हणजे यादीत टच पुढे, एक्सपांडर मागे. उठताना टच आधी उठणार, आणि ज्याच्या हातात त्याची रिसेट लाइन आहे तो अजून झोपलेलाच असणार.

मग काही बूट चांगले का निघतात? याचं उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

ड्रायव्हरला प्रोबच्या वेळी, म्हणजे तो चिपचा ताबा घेतो तेव्हा, रिसेट लाइन मिळाली नाही तर तो ईप्रोब-डिफर परत करतो, म्हणजे "माझं सामान अजून आलं नाही, नंतर बोलवा". कर्नल त्या डिव्हाइसला थांबलेल्यांच्या रांगेत टाकतो आणि पुन्हा प्रोब करायच्या आधी, डिफर्ड प्रोबच्या त्याच फंक्शनमध्ये, त्याला डीपीएम यादीच्या शेपटीला हलवतो. मुद्दाम हलवतो: डिफर झालेल्या डिव्हाइसाच्या बाबतीत नोंदणीचा क्रम भरवशाचा नाही, हे तिथल्या टिप्पणीतच लिहून ठेवलंय.

आता दोन बूट शेजारी ठेवा. एकात टचचं मॉड्यूल लवकर लोड झालं, एक्सपांडर तयार नव्हता, प्रोब डिफर झाला, टच शेपटीला गेला. क्रम बरोबर. दुसऱ्यात मॉड्यूल जरा उशिरा आलं, तोवर एक्सपांडर तयार होता, प्रोब पहिल्याच फटक्यात यशस्वी. कुणी कुणाला हलवलं नाही, टच जिथे नोंदला गेला तिथेच राहिला. क्रम चूक. लॉगमध्ये जो बूट विनाअडथळा पार पडलेला दिसतो तोच बिघडलेला, आणि ज्यात ड्रायव्हरला ताटकळावं लागलं तो ठणठणीत. बूटचा वेळ कमी करायला आम्ही मॉड्यूल लोड होण्याचा क्रम नीटनेटका केला होता, आणि तक्रारी वाढल्या होत्या त्याच आठवड्यात. तेव्हा कुणालाच संबंध लागला नव्हता.

बिल्ट-इन केल्यावर दोष का थांबला तेही यातून कळतं. बिल्ट-इन ड्रायव्हर नेहमीच लवकर यायचा, नेहमीच डिफर व्हायचा, नेहमीच शेपटीला जायचा. उपाय चालत होता, पण ज्या कारणासाठी केला होता त्या कारणाने नाही.

याच जातीचा आणखी एक मोह म्हणजे इनिटकॉलची पातळी (बूटमध्ये ड्रायव्हर कधी सुरू होतो ती) बदलणं किंवा डिव्हाइस ट्रीत नोड वरखाली करणं. कर्नलच्या ड्रायव्हर फोल्डरमधली मेकफाइल उघडून पाहा: रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारे) लवकर हवेत, जीपीआयओ पिनकंट्रोलनंतर यायला हवा, अशा टिप्पण्या अजूनही तिथे आहेत. मेकफाइलमध्ये ड्रायव्हर जोडण्याच्या ओळींवर क्रम तोलून धरायची ही जुनी वहिवाट. बूटपुरती ती ठीक आहे. झोपेच्या क्रमासाठी तिच्यावर विसंबलात तर पुढच्या मॉड्यूलच्या बदलात मोडेल.

एक्सपांडर गप्प का राहिला

मला सर्वांत जास्त छळलं ते या गोष्टीने. झोपलेल्या एक्सपांडरवर पिन हलवायला सांगितली, तर त्याने एरर द्यायला हवी होती ना? लॉगमध्ये त्याच्या नावाची एकही ओळ नाही.

कारण आहे रजिस्टरांची, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यांची, कॅश (मेमरीत ठेवलेली नक्कल). अनेक एक्सपांडर ड्रायव्हर रेगमॅप (रजिस्टरं वाचायची-लिहायची कर्नलची सोय) वापरतात, आणि सस्पेंडमध्ये तो "फक्त कॅश" या अवस्थेत टाकतात. त्यानंतर कुणी पिन खाली ओढा, वर करा असं सांगितलं की ते कॅशमध्ये लिहिलं जातं आणि उत्तर येतं "झालं". तारेवर काहीच जात नाही. एक्सपांडर स्वतः उठला की कॅशमधली शेवटची किंमत चिपमध्ये उतरवतो. आमच्या बाबतीत शेवटची किंमत होती "वर". खाली-वर असा जो पल्स टचला जागं करणार होता, त्यातला "खाली" कॅशमध्येच विरून गेला. टच चिपला झोपताना गाढ झोपेचा आदेश दिलेला, त्यातून ती फक्त रिसेटनेच उठते. ड्रायव्हरने पल्स दिला अशा समजुतीत आय-टू-सीवर कॉन्फिगरेशन लिहायला घेतलं, समोरून पोच आली नाही, -१२१.

म्हणून लॉगमध्ये ज्याचं नाव येतं त्याच्यावर लगेच आळ घेऊ नका. टच बिचारा पीडित होता. रेग्युलेटर, क्लॉक, रिसेट, पिन यांतल्या कशाकशासाठी तो दुसऱ्यावर अवलंबून आहे ते डिव्हाइस ट्रीत आणि बोर्डच्या नकाशात स्वतः बघा, आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव कागदावर लिहा. आमच्या कागदावर चार नावं आली. तीन कर्नलला माहीत होती, चौथं नव्हतं.

लॉग वाचताना

/सिस/पॉवर/पीएम_प्रिंट_टाइम्स मध्ये १ लिहा. आता प्रत्येक कॉलबॅकच्या (डिव्हाइस झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीला "कॉलिंग" आणि शेवटी "रिटर्न्ड" अशी ओळ येईल, किती मायक्रोसेकंद लागले त्यासकट. सुरुवातीच्या ओळीत पालकाचं नाव असतं आणि "@" या खुणेपुढे एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कॉलबॅक चालवणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक), आणि तो फार कामाचा आहे. झोपवणाऱ्या मूळ प्रोसेसचाच आकडा असेल तर डिव्हाइस यादीबरहुकूम, एकामागून एक चाललंय. वेगळा असेल तर अ‍ॅसिंक, दुसऱ्या थ्रेडवर. फेल झाल्याच्या ओळीतही "रिझ्यूम" नंतर "अ‍ॅसिंक" हा शब्द आहे का ते पाहा. असेल तर ते डिव्हाइस समांतर उठवलं जात होतं.

मग लॉगमध्ये १-००३८ (टच) आणि ३-००२० (एक्सपांडर) या दोन नावांच्या "कॉलिंग" ओळी शोधा. बिघडलेल्या बूटमध्ये टच आधी, चांगल्या बूटमध्ये एक्सपांडर आधी. इतका साधा पुरावा. आम्ही तो शोधायला महिनाभर उशीर केला, कारण सगळ्यांची नजर एरर आलेल्या ओळीवरच खिळलेली होती.

प्रोब डिफर झाला होता का हे मात्र साध्या लॉगमध्ये दिसत नाही, कारण ते संदेश डीबग पातळीचे आहेत. कर्नलच्या कमांड लाइनवर डायनॅमिक डीबग लावून डिफर्ड प्रोबच्या फाइलचे संदेश चालू करा आणि रीबूट करा. डीबगएफएसमधली "डिव्हाइसेस डिफर्ड" ही फाइल इथे उपयोगाची नाही. ती अजूनही अडकलेली डिव्हाइसं दाखवते, अडकून सुटलेली नाही.

खरोखर न झोपता तपासायचं असेल तर पीएम_टेस्ट आहे. त्यात "डिव्हाइसेस" लिहून झोपवलं की डिव्हाइसं झोपतात, पाच सेकंद थांबतात आणि परत उठतात. प्रोसेसर, फर्मवेअर कुणालाच हात लागत नाही. पण ही पातळी फक्त प्रिपेअर आणि सस्पेंड या टप्प्यांपर्यंत जाते. संशय लेट किंवा नोआयआरक्यू या त्यानंतरच्या टप्प्यांवर असेल तर "प्लॅटफॉर्म" लिहावं लागतं. आणि काम झालं की "नन" लिहायला विसरू नका. आमच्यातल्या एकाने विसरून "बोर्ड पाच सेकंदांत आपोआप उठतो" असं नवं तिकीट काढलं होतं, आणि दोन जण त्यावर दुपारपर्यंत बसले होते.

बोर्ड उठतच नसेल आणि लॉगही मिळत नसेल तर नो_कन्सोल_सस्पेंड हा पर्याय कमांड लाइनवर द्या, म्हणजे सिरियल कन्सोल शेवटपर्यंत बोलत राहील. तरीही काही हाती लागलं नाही तर एक्स-८६ मशीनवर पीएम_ट्रेस उरतो. तो शेवटच्या ठिकाणाचा हॅश आरटीसी घड्याळात लिहून ठेवतो आणि पुढच्या बूटला "मॅजिक नंबर" व जुळणाऱ्या डिव्हाइसाचं नाव छापतो. घड्याळाची वेळ अर्थातच वाट्टेल ती होते. त्याहून मोठी मेख अशी की पीएम_ट्रेस चालू असताना अ‍ॅसिंक बंद होतं. म्हणजे दोष शर्यतीचा असेल तर तो शोधायला बसलात की पळून जातो. सावकाश सिरियल कन्सोलनेही वेळा बदलून असाच फसवा आराम पडू शकतो.

नव्या कर्नलवर दोष परत का आला

अ‍ॅसिंक सस्पेंड-रिझ्यूम कर्नलमध्ये २०१० साली आलं. ज्या डिव्हाइसांनी परवानगी दिली आहे ती समांतर उठवायची, म्हणजे एका सुस्त डिस्कपायी बाकीच्यांना खोळंबावं लागत नाही. समांतर चालताना कर्नल दोनच नात्यांसाठी थांबतो: पालक-मूल, आणि डिव्हाइस लिंक, म्हणजे हे डिव्हाइस त्या डिव्हाइसावर अवलंबून आहे अशी कर्नलकडची नोंद. यादीतल्या मागे-पुढे असण्याने तिथे फक्त कुणाचं काम आधी रांगेत पडलं एवढं ठरतं. ते संपेपर्यंत दुसरा थांबेल याची हमी नाही.

जुन्या कर्नलवर आमचे दोन्ही आय-टू-सी क्लायंट (बसवरच्या चिपा) एकामागून एक चालत होते. अलीकडच्या कर्नलमध्ये आय-टू-सी क्लायंटही अ‍ॅसिंक आहेत. त्यामुळे डिफर होऊन टच शेपटीला गेला तरी उपयोग नाही: एक्सपांडरचं काम आधी सुरू होतं, पण त्याची बस जागी व्हायची वाट बघत ते थांबतं, आणि टचची बस तेवढ्यात तयार होते. कोण जिंकेल ते त्या त्या झोपेवर. "@" पुढचे आकडे वेगवेगळे दिसले आणि पीएम_अ‍ॅसिंक ० केल्यावर वीसच्या वीस झोपा पार पडल्या, तेव्हा शंका उरली नाही. आधी दिसणारा दोष यादीचा होता, आता शर्यतीचा. मूळ मात्र एकच, कर्नलला न सांगितलेलं नातं.

पीएम_अ‍ॅसिंक कायमचं ० ठेवून देणं हा उपाय नाही. सगळा बोर्ड हळू उठतो, आणि यादीचा क्रम तरी बरोबर आहे या गृहीतकावर पुन्हा जगावं लागतं.

खरं तर नव्या कर्नलने हे आपोआप सावरायला हवं होतं. एफडब्ल्यू_डेव्हलिंक ही सोय डिव्हाइस ट्री वाचून कोण कुणावर अवलंबून आहे ते ओळखते आणि लिंक स्वतःच बांधते. मग आमच्या टचची का बांधली नाही? कारण ती ठरलेल्या नावांचे गुणधर्म वाचते. शेवटी "-जीपीआयओज" असलेलं नाव तिला कळतं. आमच्या चिपबरोबर आलेल्या ड्रायव्हरने रिसेट पिनेला स्वतःचंच आडनाव ठेवलं होतं, शेवट भलताच, आणि पिन मिळवायला नाव जसंच्या तसं घेणारं जुनं फंक्शन वापरलं होतं. ड्रायव्हरला पिन मिळत होती, कर्नलला नातं दिसत नव्हतं. कागदावरचं चौथं नाव ते हेच.

जाता जाता कमांड लाइनही तपासा. बूट अडतो म्हणून कुणीतरी एफडब्ल्यू_डेव्हलिंक "ऑफ" करून ठेवलेलं असतं आणि त्याची आठवण कुणालाच नसते. ऑफ असेल तर लिंक बनतच नाहीत, आणि "परमिसिव्ह" असेल तर ज्या बनतात त्या झोपेचा क्रम लावायला पुरत नाहीत.

उपाय

नव्या कर्नलवर दोन ओळींचं काम: डिव्हाइस ट्रीतला गुणधर्म "रिसेट-जीपीआयओज" या रूढ नावाने लिहिला आणि ड्रायव्हरमध्ये पिन घ्यायला जीपीआयओडी घराण्यातलं फंक्शन वापरलं. एक लक्षात ठेवा, या घराण्यात पिनेची उलटी-सुलटी पातळी डिव्हाइस ट्रीतला ध्वज (फ्लॅग) ठरवतो. आमचा पहिला प्रयत्न यात फसला, टच कायमचा रिसेटमध्येच बसून राहिला. रीबूटनंतर /सिस/क्लास/डेव्हलिंक मध्ये एक्सपांडर आणि टच यांच्या नावांची जोडी दिसली पाहिजे. नसेल तर पुढे तपासणी करण्यात अर्थ नाही.

जुना कर्नल अजून काही बोर्डांवर आहे. तिथे लिंक हाताने बांधली. डिव्हाइस लिंक ४.१० पासून, म्हणजे २०१७ पासून आहेत, तेव्हा ५.४ वर अडचण नव्हती. टचच्या प्रोबमध्ये रिसेट पिन हाती आल्यानंतर डिव्हाइस_लिंक_अ‍ॅड बोलवायचं: पहिला कन्झ्युमर म्हणजे टच, दुसरा सप्लायर म्हणजे एक्सपांडर, तिसरा ध्वज ऑटोरिमूव्ह-कन्झ्युमर, म्हणजे टचचा ड्रायव्हर सुटला की लिंकही जाते. पहिल्या दोघांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही आणि कंपायलर काही बोलत नाही, कारण दोन्हीचा प्रकार एकच. उलटी लिंक पडली तर चुकीचा क्रम दर बूटला पक्का होतो.

एक्सपांडरचं डिव्हाइस मिळवायला जीपीआयओ चिपचा पालक घ्यावा. लिंक बांधली की कर्नल दोन कामं करतो: टचला, त्याच्या मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना यादीच्या शेपटीला हलवतो, आणि अ‍ॅसिंक चालताना त्यांना सप्लायरसाठी थांबायला लावतो. दोन्ही आजारांवर एकच औषध.

परत आलेली किंमत तपासा. लिंकमुळे अवलंबित्वाचं वर्तुळ होत असेल तर कर्नल ती बांधत नाही आणि नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतो. बऱ्याच ड्रायव्हरांत ती किंमत बघितलीच जात नाही, मग लिंक आहे अशा समजुतीत माणूस आठवडे घालवतो. नल आला तर कुठेतरी दोन डिव्हाइसं एकमेकांकडे बोट दाखवतायत, ते आधी सोडवा. रेग्युलेटरसाठी हे सगळं करायची सहसा गरज नाही. रेग्युलेटर मागितला की त्याची लिंक रेग्युलेटरचा कोअर स्वतः बांधतो.

लिंक कुठे हरते

लिंक एका टप्प्याच्या आतच क्रम लावते. झोपताना टप्पे असे: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड-लेट, सस्पेंड-नोआयआरक्यू (इथे डिव्हाइसांचे इंटरप्ट बंद असतात). उठताना उलटे: रिझ्यूम-नोआयआरक्यू, रिझ्यूम-अर्ली, रिझ्यूम, कम्प्लीट. एक टप्पा सगळ्या डिव्हाइसांसाठी पुरा झाल्यावरच पुढचा सुरू होतो. म्हणून कन्झ्युमर रिझ्यूम-अर्लीत उठत असेल आणि सप्लायर साध्या रिझ्यूममध्ये, तर दहा लिंक बांधा, काही होणार नाही. आमच्याकडे एकाने टचचा रिझ्यूम "लवकर व्हावा" म्हणून अर्लीत हलवून पाहिला होता. लिंक घातल्यावरही दोष राहिला तो कोडच्या त्याच फांदीवर (ब्रँचवर). कॉलबॅक मूळ टप्प्यात परत आणल्यावर गेला.

सप्लायरला लवकरच्या टप्प्यात ढकलणं कधी कधी बरोबरही असतं. पॉवर मॅनेजमेंट चिप ज्या बसवर आहे तिचा कंट्रोलर अनेक बोर्डांवर नोआयआरक्यू टप्प्यापर्यंत जागा ठेवतात, कारण शेवटपर्यंत त्याची गरज पडते. पण तो ज्यावर उभा आहे त्या क्लॉकला, पिनलाही मग तेवढाच वेळ जागं राहावं लागतं. एक वीट सरकवली की खालच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. टचसारख्या गोष्टीसाठी या भानगडीत पडू नये. आणि इंटरप्ट कंट्रोलर, टायमर अशी काही मंडळी सिसकोअरमधून झोपतात, अगदी शेवटी, एकच प्रोसेसर चालू असताना. ती डीपीएम यादीच्या बाहेर आहेत, लिंक त्यांना लागूच नाही.

एररच्या आकड्यांवरून टप्प्याचा अंदाज येतो. -१०८ आणि सोबत "ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड": बसचा कंट्रोलर झोपला आहे आणि कुणीतरी अजून त्याच्यावर बोलतोय, इशाऱ्याबरोबर छापलेल्या कॉलच्या माळेत तो "कुणीतरी" सापडतो. -१३: लेट टप्प्यात रनटाइम पीएम (वापर नसताना एकेक डिव्हाइस झोपवणारी सोय) बंद झालेलं असतं आणि आधीच रनटाइमने झोपलेल्या डिव्हाइसाला कुणी उठवायला जातंय. -११० म्हणजे टाइमआउट. इंटरप्टवर चालणारा ट्रान्सफर नोआयआरक्यू टप्प्यात केला का ते पहिलं बघा. "पॅरेंट शुड नॉट बी स्लीपिंग" असा इशारा आला तर झोपेच्या मधेच कुणी नवं मूल नोंदवतंय.

झोपताना आणि उठताना एररचं वजनही वेगळं. सस्पेंडमध्ये एकाने एरर दिली की सगळी झोप रद्द होते आणि बोर्ड लगेच जागा होतो. रिझ्यूममध्ये एरर लॉगमध्ये पडते आणि गाडी पुढे जाते. त्यामुळे उठतानाचे दोष दिवसेंदिवस लपून राहतात, कुणी पडद्याला बोट लावेपर्यंत.

तपासणी करताना आम्ही चांगला बूट मुद्दाम बिघडवला. टच पुन्हा मॉड्यूल केला, त्याचं आपोआप लोड होणं रोखलं, एक्सपांडर पूर्ण तयार झाल्यावर हाताने लोड केला. लिंकशिवाय हा बूट ५.४ वर दर वेळी नापास व्हायचा. लिंक घालून वीस झोपा, पीएम_अ‍ॅसिंक १ ठेवून. मग वीस, ० ठेवून. मग नव्या कर्नलवर तेच सगळं पुन्हा. चारही रांगा स्वच्छ निघाल्यावर २०० मिलिसेकंदांचा एमस्लीप काढून टाकला आणि सगळ्या फेऱ्या परत चालवल्या. टच बोलत होता, आणि बोर्ड तेवढाच लवकर उठायला लागला.